लाकडी घाणा गावात टाकायचा की शहरात? जागेपासून उधारीपर्यंतचा हिशेब

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला आणि चहा होण्याआधीच त्याने विचारलं, "मामा, घाणा टाकायचाय. गावात टाकू की पुण्यात?" तो पुण्यात नोकरी करतो, बार्शी तालुक्यात त्यांची शेती आहे आणि हातात साठवलेले चार लाख आहेत. माझा लाकडी घाणा नऊ वर्षं चालू आहे. पहिली पाच वर्षं फक्त गावात चालवला, पुढे पुण्याचे ग्राहक जोडले. दोन दिवस त्याच्याशी बसून जे बोललो तेच इथे सविस्तर मांडतोय. धंदा तेलाचा असला तरी मसाला कांडप, डाळ, पापड किंवा पिठाची गिरणी टाकणाऱ्यालाही यातल्या बहुतेक पायऱ्या चढाव्याच लागतात.

त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं की गावातला धंदा उधारीने बुडतो आणि शहरातला भाड्याने. यंत्र बिघडलं, कामगार सुटला, भाव पडला, तरी त्यातून माणूस सावरतो. या दोन गोष्टींतून सावरणारे मी फार कमी पाहिलेत. म्हणून जागा ठरवण्याआधी हे दोन आकडे वहीत मांडायला शिका.

पायरी पहिली: ग्राहक मोजा

यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी एक महिना फक्त विचारपूस करा. गावात हे काम सोपं आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी किराणा दुकानाबाहेर तासभर उभं राहिलं तरी कळतं की कोण पिशवीतलं सोयाबीन तेल नेतो, कोण पामतेल आणि कोण शेंगदाणा तेल. चारशे उंबऱ्यांच्या गावात घाण्याचं तेल रोजच्या स्वयंपाकाला परवडणारी घरं पन्नास-साठ निघाली तरी पुष्कळ. बाकीची घरं दिवाळीच्या फराळाला किंवा आजारपणात लिटरभर नेतील. ती गिऱ्हाइकं मोलाचीच आहेत, पण त्यांच्या भरवशावर महिन्याचा खर्च निघत नाही.

गावात दुसरं एक गिऱ्हाईक असतं, ते शहरातून आलेल्याच्या लक्षात येत नाही: स्वतःचा माल घेऊन येणारा शेतकरी. तो आपले शेंगदाणे, करडई किंवा तीळ आणतो, किलोमागे मजुरी देतो आणि तेल घेऊन जातो. या घाणामजुरीत तुमचं भांडवल अडकत नाही. माझ्या गावातल्या घाण्याचं पहिलं वर्ष मजुरीनेच तगवलं. तेव्हा आसपासच्या पाच-सहा गावांत तेलबिया किती घरी होतात आणि सध्या ते लोक तेल काढायला कुठे जातात, हेही विचारून घ्या.

शहरात दुकानाबाहेर उभं राहून काही कळत नाही. तिथे ओळखीच्या तीन-चार सोसायट्या धरा आणि दुसऱ्या चांगल्या घाण्याचं तेल विकत आणून अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या द्या. पैसे घेऊनच द्या, फुकटच्या तेलाला सगळे छान म्हणतात. महिन्याने त्यातल्या किती घरांनी स्वतःहून पुन्हा मागितलं, तेवढेच तुमचे ग्राहक.

पायरी दुसरी: एका क्विंटलचा हिशेब

इथे घाई करू नका. पुढचे भाव मी हिशेबासाठी धरलेत. तुमच्याकडचे आजचे भाव टाकून तोच हिशेब पुन्हा करा.

शंभर किलो शेंगदाणे 120 रुपयांनी, म्हणजे 12,000 रुपये. चांगल्या दाण्यातून लाकडी घाण्यावर साधारण 40 किलो तेल निघतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याचे 44 लिटरच्या आसपास भरतात. गाळ बसून विकायला 42 लिटर उरतात असं धरू. पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, निघते 56 किलो. बाटल्या आणि वीज मिळून 650 रुपये.

गावात लिटरला 330 रुपये मिळाले तर तेलाचे 13,860. पेंड गोठेवाले दारातून 40 रुपयांनी नेतात, तिचे 2,240. एकूण 16,100. खर्च वजा जाता हातात 3,450 रुपये.

शहरात तेच तेल 380 ने गेलं तर 15,960. पण शहरात पेंड कुणाला विकणार? व्यापारी किंवा गोशाळा नेते, ती 32 च्या भावाने, म्हणजे 1,792. शेंगदाणे शहरापर्यंत आणायला क्विंटलला 300 रुपये भाडं. सगळं जाऊन 4,800 रुपये उरतात.

इथपर्यंत पाहिलं की माणूस म्हणतो, चला पुण्याला. आता दर महिन्याचा ठरलेला खर्च काढा. गावात जागा 3,000, एक माणूस 9,000, किरकोळ 2,000, म्हणजे 14,000. शहरात गाळा 25,000, माणूस 15,000, किरकोळ 2,000, म्हणजे 42,000. गावात हा खर्च भरून निघायला महिन्याला चार क्विंटल, साधारण 170 लिटर तेल विकावं लागतं. शहरात पावणेनऊ क्विंटल, म्हणजे जवळपास 370 लिटर. घराला महिन्याला तीन लिटर धरलं तर गावात 57 घरं आणि शहरात 123 घरं, तीही पहिल्या महिन्यापासून. शहरातला नफा गावातल्या नफ्याच्या पुढे जायला महिन्याला साधारण 870 लिटरची विक्री लागते.

आता तिसरी वाट बघा. घाणा गावात ठेवायचा, पेंड गावात विकायची आणि तेल पुण्यात पोचवायचं. गावचा खर्च 14,000, टेम्पोच्या दोन फेऱ्यांचे 7,000, मिळून 21,000. घरपोच द्यायला लिटरमागे 10 रुपये गेले तरी क्विंटलला 5,130 रुपये उरतात. पुन्हा 170 लिटरवरच खर्च भरून निघतो, आणि त्यापुढे प्रत्येक क्विंटलला गावापेक्षा दीड हजारावर जास्त सुटतात. पेंडीचा चांगला भाव आणि तेलाचा चांगला भाव, दोन्ही यातच पदरात पडतात. भाच्याला मी हीच वाट सांगितली. तिची एक अट आहे: पुण्यात बाटल्या उतरवून घेणारा घरचा माणूस पाहिजे. तो नसेल तर हा हिशेब कागदावरच राहतो.

पायरी तिसरी: जागा आणि वीज

गावात स्वतःची जागा आहे म्हणून लोक शेतातल्या शेडमध्ये घाणा बसवतात आणि तिथे फसतात. शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, तीन फेज वीज ठरावीक तासच येते, बऱ्याच ठिकाणी पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. गिऱ्हाईक दुपारी दाणे घेऊन आलं आणि पाळी रात्रीची असली तर ते परत जातं. शिवाय शेतीपंपाच्या जोडणीवर घाणा चालवणं बेकायदेशीर आहे. जागा गावठाणात किंवा गावठाणाच्या फीडरवर बघा आणि महावितरणकडून औद्योगिक दराची वेगळी जोडणी घ्या. छोट्या घाण्याला तीन अश्वशक्तीच्या आसपास मोटार लागते. अर्ज करताना पुढच्या दुसऱ्या घाण्याचा भारही मोजून ठेवा, म्हणजे पुन्हा खांबापासून सुरुवात करावी लागत नाही.

गावठाणातल्या जागेला बिगरशेतीची कटकट नसते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर शेड मारायचं असेल तर आधी तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या आणि आराखड्यात विकासयोग्य पट्ट्यात येणाऱ्या जमिनीला महसूल संहितेत वेगळी तरतूद आहे, आणि या नियमांत अलीकडे सवलती वाढत चालल्यात. ऐकीव माहितीवर पत्रे ठोकू नका. बँक सातबारा, आठ अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघते. जागा वडिलांच्या किंवा भावकीत सामाईक असेल तर संमतीपत्र आत्ताच लिहून घ्या. धंदा चालू लागल्यावर सही मागायला गेलं की नात्याचा सूर बदलतो.

शहरात राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर घाणा बसवायचा विचार असेल तर आधी आवाजाचं आणि कंपाचं बघा. सोसायटीचं ना-हरकत पत्र, गाळ्याचा व्यावसायिक वापर आणि तुम्हाला लागेल तेवढा वीजभार मंजूर आहे का, हे तीन कागद बघितल्याशिवाय अनामत देऊ नका. भाडेकरार तोंडी ठेवू नका. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या करारात यंत्र बसवणं म्हणजे घरमालकाच्या हातात दोरी देणं. तीन वर्षांचा करार करा आणि भाडेवाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या.

पायरी चौथी: कागद

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, तिला फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीच्या मानाने घ्यावा लागतो, आणि तो घाण्याच्या पत्त्यावर असतो. तेल शहरात दुसऱ्या जागी साठवून विकणार असाल तर त्या जागेचाही घ्यावा लागेल.

खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. गावात माणूस किटली घेऊन येतो, "भर दोन लिटर" म्हणतो आणि नाही म्हणणं जड जातं. तरी बाटली किंवा डबा भरूनच द्या. त्यावर नाव, पत्ता, निव्वळ माप, बॅच, तारीख, किंमत आणि परवाना क्रमांक हवा. शेतकऱ्याच्याच मालाचं तेल काढून देणं ही मजुरी आहे, ते वेगळ्या वहीत लिहा. वजनकाटा दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्या. गावात एकदा "काटा मारतो" अशी कुजबुज सुरू झाली की ती बारशापासून तेराव्यापर्यंत फिरते.

राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पेंडीची विक्रीही उलाढालीत धरली जाते, हे लक्षात ठेवा. गावात ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि शहरात दुकाने अधिनियमाखालची नोंद, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, ही कामं आठवड्याभरात उरकतात.

पायरी पाचवी: कर्ज आणि अनुदान

गाव आणि शहर यांतला फरक सरकारी कागदावर सगळ्यात स्पष्ट इथे दिसतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या 15 टक्के अनुदान आहे आणि ग्रामीण भागात 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांग यांना शहरात 25 आणि गावात 35 टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला 10 टक्के, बाकीच्यांना 5 टक्के. म्हणजे दहा लाखांचा प्रकल्प भाच्याने त्याच्या वहिनीच्या नावाने गावात केला तर साडेतीन लाख अनुदान, आणि स्वतःच्या नावाने पुण्यात केला, तो सर्वसाधारण गटात असेल, तर दीड लाख. मात्र वहिनीच्या नावाने करायचा तर कारभारही तिच्या हातात पाहिजे. सहीपुरती बाई उभी करू नका. बँकेचा अधिकारी दोन प्रश्नांत ओळखतो, आणि तिच्यावर कर्जाचं ओझं तेवढं राहतं.

अनुदान लगेच हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावे ठेव म्हणून तीन वर्षं राहतं आणि हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं होतं. तेव्हा हप्त्याचा हिशेब पूर्ण कर्जावर मांडा. ही योजना नव्या उद्योगाला आहे, आधीच सुरू झालेल्याला नाही. मंजुरीआधी यंत्र आणून बसवलं की अर्ज बाद. माझ्या ओळखीतले दोघे असे उत्साहात अडकलेत.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख असं कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे, आणि ती जुन्या उद्योगालाही चालते. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत राबवली गेली, आणि अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन योजनेतून निघतं, तिला तुम्ही पैसे द्यायचे नसतात. योजनांची मुदत आणि निधी बदलत राहतो. जिल्हा उद्योग केंद्रात आणि तालुका कृषी कार्यालयात स्वतः जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथेच कळेल.

प्रकल्प अहवालात एक रकाना लोक विसरतात: खेळतं भांडवल. यंत्र घेण्यात सगळा पैसा घातला आणि दाणे घ्यायला काही उरलं नाही, तर घाणा सणाच्या तोंडावर बंद उभा राहतो. दहा क्विंटल दाण्यालाच जवळपास सव्वा लाख लागतो. कर्ज मागताना तीन महिन्यांच्या मालाचं आधी मागा.

पायरी सहावी: माल

खरीपाचा भुईमूग सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, उन्हाळी मे-जूनमध्ये, करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये. गावात असाल तर खळ्यावरून शेंगा घेता येतात, हा तुमचा मोठा फायदा. पण ओला माल घेऊ नका. मूठभर शेंगा कानाजवळ हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा दातात धरला तर कटकन तुटला पाहिजे. बुरशी लागलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा निवडून फेकायलाच हवा, कारण त्या बुरशीचं विष तेलात आणि पेंडीत उतरतं, आणि ती पेंड कुणाची तरी दुभती म्हैस खाते. स्वस्त मिळाला म्हणून असा माल मी एकदाही घेतलेला नाही, तुम्हीही घेऊ नका.

निघालेलं तेल स्टीलच्या टाकीत चार-पाच दिवस निवळू द्या. घाईत भरलेल्या बाटलीच्या तळाशी गाळ बसतो आणि शहरातलं गिऱ्हाईक ती बाटली परत पाठवतं. गावातलं गिऱ्हाईक गाळाला बुजत नाही, त्याने आजीच्या हातचं तसलं तेल खाल्लेलं असतं.

पायरी सातवी: उधारी

पहिल्या वर्षी माझे 84 हजार उधारीत अडकले. तेव्हा माझ्यासाठी ती घाण्याच्या जवळजवळ अर्ध्या किमतीची रक्कम होती. कुणीही बुडवायच्या हेतूने नेलं नव्हतं. चुलते होते, शाळेतले मित्र होते, वडिलांच्या दवाखान्यात रात्रभर बसलेले लोक होते. त्यांना नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. दिवाळीला दाणे घ्यायला पैसे नव्हते तेव्हा समजलं की चूक माझी आहे, कारण मी नियमच सांगितला नव्हता.

गावात उधारी बंद करता येत नाही. ज्याचा पैसा सोयाबीन विकल्यावर किंवा उसाचं बिल आल्यावर येतो, तो रोज रोख कुठून देणार? म्हणून उधारीला माणसाच्या पैशाचा दिवस जोडा. दूधवाल्याचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतं, त्याची पेंड आणि तेल त्या बिलाच्या दिवसावर लिहा आणि त्याच संध्याकाळी मागा. मजुरी करणाऱ्याची मुदत आठवडे बाजारापर्यंत. पगारदार शिक्षकाची पहिल्या आठवड्यापर्यंत. एका घराला दोन लिटरच्या वर उधार नाही, आधीचं आल्याशिवाय पुढचं नाही, आणि हा नियम सख्ख्या चुलत्यालाही. मी पाटीही लावली होती, पण पाटीपेक्षा आईने वही हातात घेतली त्याचा जास्त उपयोग झाला. तिच्याशी हुज्जत घालायला कुणी धजावत नाही.

जून-जुलैत पेरणी असते, गावात पैसा नसतो. त्या दोन महिन्यांचा ठरलेला खर्च दिवाळीच्या कमाईतून बाजूला काढून ठेवा. शहरात तशी ओढ मे महिन्यात लागते, अर्धी सोसायटी गावी गेलेली असते. शहरातल्या घरांकडे उधारी राहत नाही, मोबाइलवर पैसे लगेच येतात. पण तिथले दुकानदार माल ठेवून घेतात आणि पंधरा दिवस, महिनाभराने पैसे देतात, वर आपला हिस्सा कापतात. दुकानांत माल देणं अगदी शेवटी करा.

पायरी आठवी: शहरातली विक्री

पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार, पुण्याची भीमथडी जत्रा, बचत गटांसाठी मुंबईचं महालक्ष्मी सरस यांसारख्या ठिकाणी एका दिवसात पुष्कळ लोक चव घेतात. तिथे त्या दिवशी किती विकलं यापेक्षा किती घरांचे नंबर आणि पत्ते मिळाले ते मोजा. घरी येऊन प्रत्येकाला एकच निरोप पाठवा: महिन्याच्या पाच तारखेला तेल येईल, तीन तारखेपर्यंत सांगा. आगाऊ मागणी कळली की तेवढंच तेल काढता येतं, ताजं पोचतं आणि टेम्पो अर्धा रिकामा धावत नाही. रिकामी काचेची बाटली परत आणणाऱ्याला दहा रुपये वजा करून दिले तर माणूस पुढची बाटली तुमच्याकडूनच घेतो.

भाव खाली आणून रिफाइंड तेलाशी झुंजू नका. अडीच किलोच्या आसपास दाण्यातून एक लिटर निघतं, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगा. आज दाण्याचा भाव काय आहे तेही सांगा. हिशेब समजलेला माणूस घासाघीस करत नाही. बाजारात लिटरला लागणाऱ्या दाण्याच्या किमतीपेक्षाही स्वस्त "घाण्याचं तेल" विकणारे भेटतात. त्यांच्या भावाला जाऊ नका.

पुण्यात गाळा कधी घ्यायचा, हे भाच्याने निघताना विचारलं. घरपोच विक्री सलग सहा महिने 500 लिटरच्या वर राहिली, त्यातली निम्म्याहून जास्त घरं तीच ती असली आणि सहा महिन्यांचं भाडं बँकेत वेगळं पडलेलं असलं, तर गाळा बघ, असं सांगितलं. त्या गाळ्यात घाणा न्यायचा नाही. तिथे तेलाचे डबे, वजनकाटा आणि ओळखीचा माणूस बसवायचा. घाणा गावातच फिरत राहील, कारण पेंडीची वाट बघणारे गोठे गावात आहेत. त्याने मार्चमध्ये गावठाणातल्या जुन्या घराची ओसरी साफ केली आणि वहिनीच्या नावाने अर्ज टाकला. यंत्र अजून आणलेलं नाही, मंजुरीची वाट बघतोय.